आकडा वाढू द्या

राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोचा वार्षिक अहवाल आला की आपल्याकडे एक ठरलेली चर्चा होते. विरोधी बाकांवरून 'राज्यात गुन्हे इतक्या टक्क्यांनी वाढले' असा आरोप होतो. सत्ताधारी 'लोकसंख्येच्या प्रमाणात आपण कितीतरी खाली आहोत' असे उत्तर देतात. वर्तमानपत्रे नागपूर पुढे की पुणे, याचा तक्ता छापतात. भांडण कितीही कडाक्याचे असो, एका बाबतीत दोन्ही बाजूंचे पूर्ण एकमत असते: आकडा कमी म्हणजे पोलीस चांगले, आकडा जास्त म्हणजे पोलीस कुचकामी.

हे गृहीतक उथळ आहे आणि त्यापायी माणसांचे खरेखुरे नुकसान होते. माझे म्हणणे असे की, नोंदलेल्या गुन्ह्यांच्या आकड्यातून आपल्याकडे आज मुख्यतः कळते ते पोलीस ठाण्याचे दार सामान्य माणसासाठी किती उघडे आहे, हे. समाजात गुन्हे किती घडतात, हे त्यातून फारच थोडे कळते. घटलेल्या आकड्याबद्दल आपण अधिकाऱ्यांची पाठ थोपटत राहिलो, तर ते दार बंदच राहील. म्हणून पुढची काही वर्षे तरी आकडा वाढू द्यावा, आणि ज्या ठाण्यात तो वाढेल त्याच्या पाठीशी लोकांनी उभे राहावे.

१. आकडा टेबलावर जन्मतो

गुन्हा रस्त्यावर, घरात, लोकलच्या डब्यात घडतो. आकडा मात्र ठाणे अंमलदाराच्या टेबलावर जन्मतो. या दोहोंच्या मध्ये एक माणूस बसलेला असतो आणि त्याच्यावर कसले दडपण आहे हे पाहिल्याशिवाय आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

दर महिन्याला गुन्हे आढावा बैठक होते. गेल्या वर्षी याच महिन्यात किती गुन्हे दाखल होते, यंदा किती, उघडकीस किती आले, हे तिथे एकेका प्रभारी अधिकाऱ्याला उभे करून विचारले जाते. आता गर्दीत चोरीला गेलेल्या मोबाइलचा विचार करा. तो सापडण्याची शक्यता कमी. गुन्हा नोंदवला की 'दाखल'चा आकडा वाढतो, सापडला नाही की 'उघडकीस'चे प्रमाण घसरते. शिवाय तपासाचे कागद वाढतात ते वेगळेच. नोंदवलाच नाही, तर यातले काहीही होत नाही. अधिकारी भ्रष्ट असण्याची, आळशी किंवा दुष्ट असण्याचीही इथे गरज नाही. चांगल्या, कष्टाळू अधिकाऱ्यालाही ही व्यवस्था रोज हेच शिकवते की न नोंदवणे शहाणपणाचे.

पोलिसांच्या इंग्रजीत या प्रकाराला 'बर्किंग' म्हणतात. १८२८ मध्ये एडिंबरामध्ये बर्क आणि हेअर या दोघांनी माणसे मारून त्यांची प्रेते शरीरशास्त्राच्या वर्गांना विकली. अंगावर खूण राहू नये म्हणून ते गुदमरवून मारत. तक्रारीचा श्वास कोंडायचा आणि खूण मागे ठेवायची नाही, हे या शब्दाच्या मुळाशी आहे.

२. श्वास कोंडण्याच्या तऱ्हा

सरळ नकार हा यातला सर्वांत कमी वापरला जाणारा मार्ग. त्याहून सोपे मार्ग पुष्कळ आहेत. 'ही आमची हद्द नाही.' 'साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या.' 'तक्रार अर्ज देऊन ठेवा, चौकशी करू.' अर्ज म्हणजे गुन्हा नव्हे, त्यामुळे तो आकड्यात धरत नाहीत. किंवा अदखलपात्र म्हणून नोंद करायची, म्हणजे ज्याला सगळे 'एनसी' म्हणतात ती. फिर्यादीच्या हातात शिक्क्याचा कागद पडतो आणि त्याला वाटते, काम झाले. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय अशा तक्रारीचा तपास पोलिसांना करताच येत नाही, हे त्याला कुणी सांगत नाही. आणखी एक तऱ्हा कलम हलके करण्याची. पाच जणांनी मिळून लुटले तर तो कायद्याने दरोडा. फिर्यादीतून एक माणूस कमी झाला की जबरी चोरी, आणि मारहाण वगळली की साधी चोरी.

सर्वांत प्रचलित तऱ्हा मात्र 'गहाळ' या शब्दाची आहे. आमच्या इमारतीत घरकामाला येणाऱ्या एका मावशींबरोबर मी ठाण्यात गेलो होतो. भरलेल्या बसमध्ये त्यांचा मोबाइल गेला होता. खांद्यावरच्या कापडी पिशवीला ब्लेडचा सरळ, चांगला वीतभर काप होता. अंमलदार सभ्य होते, त्यांनी मावशींना खुर्ची दिली. मग विचारले, "चोरताना कुणाला पाहिलंत का? नाही ना? मग गहाळ लिहू. लगेच दाखला मिळेल, नवीन सिमला चालतो." दहा मिनिटांत कागद हातात आला. 'प्रवासादरम्यान मोबाइल गहाळ.' मावशी पिशवी पुढे करून तो काप दाखवत होत्या. कागदावर त्यासाठी रकाना नव्हता.

आणि नव्या कायद्याने तर यात भरच घातली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टानुसार ५ हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिली चोरी अदखलपात्र ठरली आहे. चोरी करणाऱ्याला समाजसेवेची शिक्षा देण्यामागचा उदार हेतू मी समजू शकतो. पण मावशींचा मोबाइल जुना, साडेचार हजारांना घेतलेला होता. म्हणजे अंमलदारांनी 'चोरी' लिहिले असते तरी तपास झाला नसता. पन्नास हजारांचा फोन गेला तर राज्य तपास करते आणि चार हजारांचा गेला तर कागद देते. ज्याच्याकडे कमी आहे त्याची वस्तू कायद्याच्या नजरेतही कमी मोलाची ठरते. याला न्याय म्हणायला मी तयार नाही.

३. दार उघडले की काय होते

माझे म्हणणे खरे असेल, तर जिथे नोंदणी प्रामाणिकपणे सुरू झाली तिथे आकडा एकदम उसळायला हवा, आणि जो गुन्हा लपवताच येत नाही त्याचा आकडा मात्र होता तिथेच राहायला हवा. असा गुन्हा म्हणजे खून. प्रेत सापडले की 'गहाळ' लिहिता येत नाही.

दिल्लीत २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेखालचे सुमारे ८० हजार गुन्हे नोंदले गेले. २०१५ मध्ये तो आकडा १ लाख ९० हजारांच्या पुढे गेला. दोन वर्षांत दुपटीहून जास्त. मधल्या काळात तक्रार आली की नोंदवायचीच, असा आग्रह वरिष्ठांनी धरला आणि वाहनचोरीसारख्या गुन्ह्यांची फिर्याद घरबसल्या ऑनलाइन देण्याची सोय झाली. या काळात दिल्लीतले खून वर्षाला ५०० ते ६०० च्या दरम्यानच राहिले. शहर दोन वर्षांत दुप्पट गुन्हेगार झाले नव्हते, ठाण्याचे दार तेवढे उघडले होते.

मुंबईच्या लोकलमध्येही हेच झाले. दारात उभ्या प्रवाशाच्या हातावर काठीचा फटका मारून मोबाइल पाडणाऱ्या टोळ्या मुंबईकराला वर्षानुवर्षे ठाऊक आहेत. तरी लोहमार्ग पोलिसांकडे मोबाइलचोरीची नोंद अगदी थोडी असे, कारण बहुतेक तक्रारी 'गहाळ'मध्ये जात. २०१६-१७ च्या सुमारास त्या चोरी म्हणून नोंदवायला सुरुवात झाली आणि आकडा काही पटींनी वाढला. मग 'लोकलमध्ये मोबाइलचोरांचा सुळसुळाट' अशा बातम्या आल्या. चोर होते तितकेच होते, ते आता कागदावर दिसू लागले होते.

राजस्थानची गोष्ट सर्वांत बोलकी आणि मला सर्वांत जास्त खटकणारी आहे. २०१९ मध्ये तिथल्या सरकारने आदेश काढला की ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर थेट पोलीस अधीक्षक कार्यालयात ती नोंदवली जाईल. ठाणी खरोखर फिर्याद घेतात का, हे पाहायला बनावट फिर्यादी पाठवले गेले. त्या वर्षी राज्यातले नोंदलेले गुन्हे एकदम वाढले आणि बलात्काराच्या नोंदींत राजस्थान देशात पहिले आले. ५,९९७ गुन्हे. झाले, तेव्हापासून तो आकडा त्या राज्याच्या तोंडावर फेकला जातो आहे. दार उघडणाऱ्याची बदनामी झाली आणि बंद ठेवणाऱ्यांना सुरक्षित राज्याचा मान मिळाला. इतर राज्यांच्या गृहखात्यांनी यातून काय धडा घेतला असेल, हे सांगायला नको.

केरळचेही तसेच. लोकसंख्येच्या मानाने नोंदलेल्या गुन्ह्यांत ते देशाच्या सरासरीच्या कितीतरी वर असते, पण खुनाचे प्रमाण तिथे लाखामागे एकाच्या आसपास आहे. देशात ते दोनच्या आसपास, बिहारमध्ये त्याहून थोडे जास्त. बिहारमधले एकूण नोंदलेले गुन्हे मात्र लोकसंख्येच्या मानाने केरळपेक्षा खूप कमी. केरळच्या आकड्यात बेदरकार वाहन चालवण्याचे गुन्हेही पुष्कळ असतात, हे मान्य. तरीही जिथे खून दुपटीने होतात तिथे चोऱ्यामाऱ्या कमी होत असतील, यावर विश्वास कसा ठेवायचा?

ब्युरोने स्वतः आपल्या अहवालात हा इशारा छापला आहे की गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वाढत्या आकड्यावरून पोलिसांना अकार्यक्षम ठरवणे चूक आहे. हा इशारा पहिल्या पानांत आहे. तक्ते त्यानंतर सुरू होतात. आपण थेट तक्त्यांवर जातो.

४. यंत्राने मोजलेली तफावत

आजवर घडलेल्या आणि नोंदलेल्या गुन्ह्यांतली दरी अंदाजानेच सांगावी लागे. सायबर गुन्ह्यांनी ती प्रथमच डोळ्यांसमोर आणली, कारण तिथे तक्रार घेणारे आधी यंत्र असते. केंद्राच्या सायबर तक्रार पोर्टलवर दिलेली तक्रार परत पाठवायला टेबलामागे कुणी बसलेले नसते. २०२३ मध्ये अशा तक्रारी सुमारे १६ लाख झाल्या. त्याच वर्षी देशभरच्या ठाण्यांत नोंदलेले सायबर गुन्हे ८६,४२०. तक्रारींत दुबार नोंदी असतील, क्षुल्लक बाबी असतील. निम्म्या तक्रारी बाद केल्या तरी उरलेल्यांपैकी नऊ-दहांमागे एकच गुन्हा होतो.

बँकेतून पैसे गेल्याचा संदेश, वेळ, खाते क्रमांक, सगळे लेखी असताना ही गत आहे. मग नवऱ्याने मारल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बाईचे काय होत असेल? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाचीही मदत मागितलेल्या स्त्रिया होत्या १४ टक्के, आणि त्यातही बहुतेकींनी माहेरच्यांचीच मागितली. ठाण्यापर्यंत पोहोचणाऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या.

५. बदलापूरचे बारा तास

या सगळ्याची किंमत काय, हे २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरने दाखवले. शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाला. तक्रार द्यायला गेलेल्या पालकांना ठाण्यात सुमारे बारा तास थांबावे लागले. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची तक्रार नोंदवून न घेणे हाच मुळी पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, तरीही. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि दिवसभर लोकल ठप्प झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली, विलंबाबद्दल पोलिसांना जाब विचारला आणि अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली.

गर्दीची घोषणा मात्र एकच होती: फाशी द्या. महिनाभराने, २३ सप्टेंबरला, आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि काही जणांनी पेढे वाटले. त्यानंतर त्या बारा तासांबद्दल बोलायला कुणी उरले नाही. मला वाटते, आपल्या फौजदारी न्यायाविषयीच्या विचारातली मोठी चूक इथे आहे. आपण शिक्षेच्या टोकाशी ओरडतो, नोंदीच्या टोकाशी गप्प बसतो. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०२१ मध्ये बलात्कारासाठी फाशीपर्यंतची तरतूद करणारे शक्ती विधेयक एकमुखाने मंजूर केले; त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. ती मिळाली असती तरी ज्या गुन्ह्याची नोंदच बारा तास होत नाही, त्याला फाशीचे कलम कुठून लागणार? गुन्हेगाराला धाक बसतो तो आपण पकडले जाऊ या शक्यतेचा, आणि ती शक्यता पहिल्या कागदापासून सुरू होते.

६. आक्षेप

खोट्या तक्रारींचा पूर येईल. हा आक्षेप पोलीसही घेतात आणि शहाणे नागरिकही. राजस्थानातही पुष्कळ तक्रारी तपासाअंती टिकल्या नाहीत, हे खरे आहे. पण खरे-खोटे ठरवण्याची जागा तपास आहे, ठाण्याचा उंबरठा नव्हे. आपल्याकडे त्यासाठी जुनी, चांगली व्यवस्था आहे. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही तर 'ए' समरी, तक्रार द्वेषाने केलेली खोटी असेल तर 'बी', गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची असेल तर 'सी'. तपासाचे कागद दंडाधिकाऱ्यापुढे जातात आणि निर्णय तिथे होतो. खोटी तक्रार करणाऱ्याला शिक्षेची तरतूदही कायद्यात आहे. अंमलदाराने पाच मिनिटांत खुर्चीवर बसून दिलेला निकाल यातल्या कशाचीच जागा घेऊ शकत नाही.

या आक्षेपात एक रास्त भीती दडलेली आहे, ती मात्र मी झटकणार नाही. आपल्याकडे गुन्हा दाखल झाला की अटक झालीच असे लोक धरून चालतात. पासपोर्ट अडतो, नोकरीची चारित्र्य पडताळणी अडते. २०१४ च्या अर्नेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करता येणार नाही. हे काटेकोर पाळले गेले पाहिजे. नोंद सोपी आणि अटक अवघड, असे असायला हवे. आज बरोबर उलटे आहे.

मनुष्यबळ नाही. खरे आहे. एकेका तपास अधिकाऱ्याकडे डझनावारी प्रकरणे असतात आणि त्यात सणांचा बंदोबस्त, मंत्र्यांचे दौरे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह प्रकरणात तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांसाठी स्वतंत्र माणसे नेमायला सांगितले, ते आजही धड झालेले नाही. पण ठाण्याला माणसे मंजूर करताना आधार कशाचा घेतात? नोंदलेल्या गुन्ह्यांचाच. गुन्हे लपवणारे ठाणे आपली गरजही लपवते आणि मग माणसे नाहीत म्हणून पुन्हा गुन्हे लपवते.

कायदा आहेच की. आहे. १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच नोंद बंधनकारक ठरवली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने कुठल्याही ठाण्यात देता येणारी 'झिरो' फिर्याद आणि ऑनलाइन फिर्याद यांना कायदेशीर रूप दिले, हे स्वागतार्हच. पण त्याच १७३ व्या कलमात एक खिडकीही ठेवली. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने आधी १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते. साधी चोरी, फसवणुकीचे काही प्रकार, म्हणजे सामान्य माणसाच्या रोजच्या तक्रारी याच पट्ट्यात येतात. शिवाय फिर्याद न घेणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षे कैदेची तरतूद भारतीय न्याय संहितेत आहे ती मुख्यतः स्त्रियांवरील ठरावीक गंभीर गुन्ह्यांपुरती. चोरीची फिर्याद नाकारणाऱ्याला त्या कलमाचे भय नाही. आणि कायद्याने काहीही म्हटले तरी महिन्याच्या बैठकीतला प्रश्न बदलला नाही, तर टेबलावरचे उत्तरही बदलणार नाही.

७. मग मोजायचे काय?

पहिले काम बैठकीतच व्हायला हवे. ठाण्याच्या आणि अधीक्षकाच्या मूल्यमापनातून 'गुन्ह्यांत घट' हा निकष पूर्ण काढून टाकावा. परिस्थिती जोखायची तर खून आणि वाहनचोरी हे दोन गुन्हे पाहावेत. खून लपत नाही, आणि फिर्यादीशिवाय विम्याचे पैसे मिळत नसल्याने मालक सहसा वाहनचोरीची नोंद करवून घेतल्याशिवाय राहत नाही.

दुसरे, ठाण्यात साध्या वेशातले बनावट फिर्यादी नियमित पाठवावेत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थान पोलिसांबरोबर हा प्रयोग तिथल्या २०१९ च्या आदेशाच्या कितीतरी आधी केला होता आणि नुसत्या अशा भेटींमुळे फिर्याद घेण्याचे प्रमाण सुधारल्याचे त्यांना दिसले. याला ना नवा कायदा लागतो, ना मोठा खर्च.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पोलिसांना वगळून थेट घरोघरी विचारणे: गेल्या वर्षभरात तुमच्या घरात चोरी, मारहाण, फसवणूक झाली का, ठाण्यात गेलात का, तिथे काय झाले? अमेरिका १९७३ पासून आणि इंग्लंड १९८२ पासून हे करते. इंग्लंडमध्येही आकडे दाबले जात होते. २०१४ मध्ये तिथल्या पोलिसांच्या आकडेवारीचा 'राष्ट्रीय आकडेवारी' हा दर्जा काढून घेतला गेला आणि त्याच वर्षीच्या तपासणीत कळवलेल्या गुन्ह्यांपैकी १९ टक्के नोंदलेच नसल्याचे निघाले. त्यांना हे उमगले, कारण ताडून पाहायला दुसरे माप हाताशी होते. आपल्याकडे २०२३ चा गुन्हे अहवाल २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस येतो आणि त्याशेजारी ठेवायला दुसरा कागद नसतो. शेतीची, बेरोजगारीची, आजारांची पाहणी करणाऱ्या देशाला ही पाहणी अशक्य नाही. निदान महाराष्ट्राने तरी ती स्वतःहून सुरू करावी. तोवर प्रत्येक ठाण्याने दाखल गुन्ह्यांच्या शेजारी अदखलपात्र नोंदी, गहाळ दाखले आणि प्रलंबित तक्रार अर्ज यांची संख्या दर महिन्याला फलकावर लावावी. चार आकडे एका ओळीत आले की लपवायला जागा उरत नाही.

यातले काही सरकारने करायचे आहे, पण एक गोष्ट वाचकाच्या हातात आजच आहे. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळणे हा तुमचा हक्क आहे. ठाण्याने नकार दिला तर तीच माहिती लेखी स्वरूपात टपालाने अधीक्षकांकडे पाठवता येते, आणि तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. घरकामाच्या मावशी, वॉचमन, भाजीवाले यांना हे ठाऊक नसते, तेव्हा त्यांच्याबरोबर ठाण्यात जा. आणि कागद हातात पडला की उंबरठा ओलांडण्याआधी तिथेच उभे राहून वाचा, 'चोरी' लिहिले आहे की 'गहाळ'. 'गहाळ' असेल तर तो कागद परत टेबलावर ठेवा.